नव्यानं घडवलेली जुनी रॅली कार: घ्यावी का, आणि काय समजून घ्यावी?

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला भाऊजींचा. ते इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत, रॅलीचं वेड शाळेपासूनचं आहे आणि आता हातात थोडा पैसाही आहे. आजच्या काळात नव्यानं बांधलेली फोर्ड एस्कॉर्ट किंवा सुबारू इम्प्रेझा ‘खरी’ मानायची का, आणि तिची किंमत टिकेल का, हे त्यांना जाणून घ्यायचंय. दुसरा प्रश्न तुमचा. वडिलांची नव्वदच्या दशकातली जिप्सी प्रतापनगरच्या घरी उभी आहे, तिच्यातून जुन्या रॅलीची जिप्सी उभी करता येईल का?

मी हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये बरीच वर्षं रॅलीच्या गाड्या बांधतोय. जिप्सी, एस्टीम, मधल्या काळात चार-दोन पद्मिनी. त्याआधी इंग्लंडमधल्या एका वर्कशॉपमध्ये दोन हिवाळे एस्कॉर्टची शेलं, म्हणजे पत्र्याचे सांगाडे, वेल्ड केली. त्यामुळे भाऊजींचं वेड मला परकं नाही. माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. अशी गाडी चालवायला घ्यायची असेल तर तिच्याइतकं सुख दुसऱ्या गाडीत क्वचित मिळेल. मूळ गाडीनं जो इतिहास जगला तो विकत मिळतोय असं समजून घ्यायची असेल, तर घेऊ नका. आणि दोन्ही बाबतींत गाडीआधी कागद बघा.

‘कंटिन्युएशन’ हा शब्द हल्ली फार सैल वापरला जातो. त्याचा काटेकोर अर्थ समजायला जग्वारचं उदाहरण चांगलं आहे. १९६३ मध्ये जग्वारनं हलक्या ई-टाईप रेसिंग गाड्यांसाठी १८ चेसिस नंबर राखून ठेवले होते, पण गाड्या झाल्या १२. उरलेले सहा नंबर पन्नास वर्षं नुसते वहीत पडून होते. २०१४ पासून त्याच कंपनीनं त्या सहा गाड्या बांधल्या. कंपनी तीच, नंबरांची मालिका तीच, नकाशे तेच, फक्त मध्ये अर्धं शतक गेलेलं. याला मी मालिका पुढे चालवणं म्हणतो.

रॅलीच्या गाड्यांत इतकं निखळ उदाहरण सापडणं अवघड आहे. बोरहॅम मोटरवर्क्सची एमके-वन एस्कॉर्ट त्याच्या बरीच जवळ जाते. फोर्डच्या परवान्यानं, नव्या शेलवर, १५० गाड्या, किंमत २,९५,००० पौंडांपासून पुढे. बोरहॅम हे नावही उगीच घेतलेलं नाही. इसेक्समधल्या बोरहॅमच्या जुन्या विमानतळावरच फोर्डचा स्पर्धा विभाग होता आणि कारखान्याच्या एस्कॉर्ट तिथूनच बाहेर पडायच्या. पण फोर्डनं परवाना दिला म्हणजे फोर्डनं गाडी बांधली असं होत नाही, हे भाऊजींनी लक्षात ठेवावं.

प्रोड्राइव्हची पी-२५ याच्या उलट्या टोकाला आहे. २०२२ मध्ये आली, फक्त २५ गाड्या, कर सोडून किंमत ४,६०,००० पौंड. प्रोड्राइव्ह म्हणजे सुबारू नव्हे, ती स्पर्धेच्या गाड्या बांधणारी वेगळी कंपनी. तिनं जुनी दोन दारांची इम्प्रेझा घेतली, बॉनेट, छप्पर, मडगार्ड, डिकीचं झाकण असा बराचसा पत्रा काढून कार्बनचा बसवला, आत २.५ लिटरचं टर्बो बॉक्सर इंजिन आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलवर चालणारा सहा गियरचा सिक्वेन्शियल बॉक्स टाकला. कागदावर ही जुनी गाडी बदलून केलेली गाडी. पण १९९५, ९६ आणि ९७ अशी लागोपाठ तीन वर्षं सुबारूला जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या गाड्या बॅनबरीत याच प्रोड्राइव्हनं बांधल्या होत्या. ९७ च्या गाडीमागचे इंजिनियर डेव्हिड लॅपवर्थ आणि तिचं रूप घडवणारे पीटर स्टीव्हन्स या नव्या गाडीच्या कामातही होते. एकीकडे परवाना आहे पण हात नवे, दुसरीकडे परवान्याचं नाव नाही पण हात जुने. मला विचाराल तर मी हाताला जास्त मोल देतो. नकाशात प्रत्येक गोष्ट लिहिलेली नसते. कोणता बोल्ट तिसऱ्या स्टेजनंतर सैल होतो हे तो बांधणाऱ्यालाच माहीत असतं.

किमेराच्या ईव्हीओ-३७ कडे मी आणखी वेगळ्या नजरेनं बघतो, कारण त्या माणसांनी नक्कल केलेली नाही. लॅन्शिया ०३७ ही १९८३ ची जगज्जेती. मागच्या दोनच चाकांना ताकद देणारी गाडी त्यानंतर आजवर उत्पादकांचं विजेतेपद जिंकू शकलेली नाही. समोर चारही चाकं ओढणारी ऑडी क्वाट्रो होती, तरी त्या वर्षी मोंटे कार्लो रॅली वॉल्टर रोहर्लनं ०३७ मध्ये बसूनच जिंकली. त्या गाडीत फक्त सुपरचार्जर होता. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून कमी आरपीएमलाही लगेच दम देतो, पण वरच्या आरपीएमला इंजिनचीच ताकद खातो. टर्बो धुराच्या दाबावर फिरतो, वर जोरदार, पण खाली वाट बघायला लावतो. लॅन्शियानं हे दोन्ही एकत्र आणले ते पुढच्या डेल्टा एस-४ मध्ये, आणि ग्रुप बी हा रॅलीचा वर्ग बंद झाल्यावर तो धागा तिथंच तुटला. इटलीतल्या कुनेओच्या किमेरानं तोच धागा उचलून मागे ०३७ ला जोडला. सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही, २.१ लिटर, ५०० च्या वर अश्वशक्ती, ३७ गाड्या. आणि इंजिनच्या कामाला घेतलं क्लॉडिओ लोम्बार्डींना, ज्यांनी लॅन्शियाच्या त्या काळच्या रॅली इंजिनांवर काम केलं होतं. म्हणजे ०३७ ला आणखी दोन वर्षं मिळाली असती तर ती कुठवर गेली असती, याचं त्याच माणसानं दिलेलं उत्तर आपल्यासमोर आहे. मला या सगळ्यांत ही गाडी सर्वांत जास्त आवडते.

या गाड्यांवर लोक इतका जीव का टाकतात, हे होमोलोगेशनशिवाय समजत नाही. रॅलीत उतरवायची गाडी कंपनीनं रस्त्यावरही विकली पाहिजे, असा नियम होता. ग्रुप बी साठी बारा महिन्यांत २०० गाड्या, ग्रुप ए साठी ५०००, पुढे तो आकडा २५०० वर आला. म्हणजे शर्यतीसाठी बांधलेलं जनावर नियम पाळायचा म्हणून शोरूममध्ये उभं राहायचं. ०३७ ची मोजणी करायला आलेल्या अधिकाऱ्यांना जेवायला नेलं आणि त्यांनी मोजून झालेल्या गाड्या तेवढ्या वेळात दुसऱ्या आवारात नेऊन ठेवल्या, असा किस्सा रॅलीवाले अजून सांगतात. १९९७ ला वर्ल्ड रॅली कारचा नियम आला आणि रॅलीसाठीची खास गाडी हजारोंनी विकायची सक्ती संपली. १९९८ ची इम्प्रेझा २२बी जपानसाठी ४०० आणि बाकी जगासाठी मोजून काही. नियमाच्या पोटी जन्मलेल्या गाड्यांचा तो काळ तिथंच ओसरला. पुन्हा तशा होणार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. मागणीचं मूळ तिथं आहे.

आणि ही मागणी आत्ताच का उसळली? १९९५ ला कॉलिन मॅकरे सुबारूतून जगज्जेता झाला तेव्हा जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो आज पंचेचाळिशीत आहे. त्याचं घर झालंय, मुलं मोठी झाली आहेत. आपल्या धरमपेठेतही निळ्या गाडीवरची पिवळी अक्षरं ओळखणारे त्या वयाचे लोक मला भेटतात. त्यांनी ती गाडी केबल टीव्हीवर आणि मॅकरेच्या नावाच्या कॉम्प्युटर गेममध्येच पाहिलेली असते. मूळ गाडी आता इतकी महाग की मालक ती चिखलात घालायला धजत नाही. कारखान्याच्या एखाद्या मूळ गाडीचं शेल झाडाला आदळलं तर जो इतिहास चेपतो तो डेंटरला काढता येत नाही. नव्यानं बांधलेल्या गाडीचा खरा मोठेपणा इथं आहे. ती वापरता येते. आदळली तर पत्रा बदलायचा आणि पुन्हा निघायचं.

आपल्याकडच्या वाचकानं रॅलीचा विषय निघाला की युरोपच्याच नावांत अडकू नये, असं मला मनापासून वाटतं. केनियातले जोगिंदरसिंग १९६५ मध्ये व्होल्व्होतून सफारी रॅली जिंकले, मग १९७४ आणि १९७६ मध्ये मित्सुबिशी लान्सरमधून. शेखर मेहता यांनी सफारी डॅटसनमधून पाच वेळा जिंकली, त्यांतल्या चार १९७९ ते १९८२ अशा लागोपाठ. डॅटसनची जुनी सफारी गाडी कोणी आज नव्यानं बांधली तर तिच्या इतिहासात आपल्या रक्ताचा माणूस बसलेला आहे. अशा गाड्यांचं मोल आपल्याकडच्या संग्राहकांना अजून नीट उमगलेलं नाही.

आता भाऊजी प्रत्यक्ष गाडी बघायला जातील तेव्हा काय बघायचं, ते सांगतो. रंग आणि आवाज शेवटी. आधी शेल.

साध्या गाडीचा पत्रा स्पॉट वेल्डनं जोडलेला असतो, दर दीड-दोन इंचांवर एक ठिपका. डांबरी रस्त्याला तेवढं पुरतं. रॅलीत गाडी उड्या मारत उतरते, तेव्हा प्रत्येक ठिपक्याभोवतीचा पत्रा किंचित हलतो आणि हळूहळू फाटतो. एका रॅलीनंतर दार लावताना वर उचलून लावावं लागलं, तर शेल ढिलं झालंय असं समजा. म्हणून रॅलीचं शेल आधी पूर्ण उघडं करतात. रंग, डांबर, जोडांतला सीलर, सगळं खरवडून काढायचं, कारण सीलर राहिला तर वेल्ड करताना तो जळतो आणि टाक्यात भोकं पडतात. मग जोडाच्या कडेनं एक इंच टाका, एक इंच मोकळं, पुन्हा एक इंच टाका. आणि एका बाजूनं सरळ ओढत न्यायचं नाही. डावीकडे दोन टाके, मग उजवीकडे दोन, मग मागे. पत्रा तापला की ओढला जातो. उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये पंचेचाळीस डिग्री असते, तेव्हा पत्रा सकाळी आठलाच हाताला गरम लागतो. मे महिन्यात मी हे काम पहाटे पाच ते नऊ एवढंच करू देतो. टाके झाले की पुढच्या दोन सस्पेन्शन टॉवरमधलं माप घ्यायचं, मग शेलचे दोन्ही कर्ण. कर्ण जुळले नाहीत तर ती गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढणार, अलाइनमेंट कितीही करा.

भाऊजींनी विक्रेत्याकडे रंग देण्याआधीच्या उघड्या शेलचे फोटो मागावेत. ज्यानं काम नीट केलंय त्याच्याकडे शेकड्यांनी फोटो असतात आणि तो ते आनंदानं दाखवतो. ज्याच्याकडे फक्त रंगवलेल्या गाडीचे फोटो आहेत, त्याच्याकडून निघून यावं. रोलकेज, म्हणजे आतला पाईपांचा पिंजरा, बघताना पाईप शेलला कुठं टेकलाय ते बघावं. पातळ पत्र्यावर सरळ टेकवलेला पाईप अपघातात पत्रा फोडून खाली जातो, म्हणून मध्ये जाड प्लेट असावीच लागते.

गाडी नवी असेल तर ती नवी आहे असं सांगूनच विकली पाहिजे. यावर मी एवढा का अडतो, याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी विकत घेण्याआधी तपासायला माझ्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आणली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ही गाडी ऐंशीच्या दशकात हिमालयन रॅलीत धावली. १९८० मध्ये सुरू झालेल्या त्या रॅलीचं नाव आमच्या पिढीला देवासारखं. गाडी दिसायला फार सुंदर होती. दारांवर नंबर, बॉनेटवर जादा दिवे, आत बकेट सीट. मालक तर जवळपास ठरवूनच आले होते.

मी गाडी लिफ्टवर घेतली. खालचा पत्रा गुळगुळीत. पुढच्या क्रॉसमेंबरवर एक ओरखडा नाही. डोंगरातल्या रॅलीत धावलेल्या गाडीच्या क्रॉसमेंबरवर दगडांचे इतके मार असतात की हात फिरवला तरी कळतं. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर मूळचे, कुठं जादा प्लेट नाही. मग डॅशबोर्डच्या मागे टॉर्च लावला. त्या काळी नेव्हिगेटरसमोर अंतर मोजणारा हाल्डा ट्रिपमीटर असायचा, त्याची केबल खालून वर येते. केबलसाठी फायरवॉलमध्ये भोक नाही, भोक बुजवल्याची खूणही नाही. शेवटी दाराखालच्या सिलच्या आतल्या पोकळीत बारीक कॅमेरा घातला. रॅलीत धावलेल्या गाडीच्या सिलमध्ये माती राहतेच. कितीही धुवा, पोकळीच्या कोपऱ्यात मुरूम आणि बारीक रेती घट्ट बसलेली असते. या गाडीच्या सिलमध्ये साधी शहराची धूळ होती, आणि एक जुनं बसचं तिकीट.

पद्मिनी म्हणून गाडी उत्तम होती. विकणाऱ्यानं ‘त्या काळच्या रॅली पद्मिनीच्या धर्तीवर बांधली आहे’ एवढंच खरं सांगितलं असतं, तरी ती चांगल्या भावानं गेली असती. पण एकदा खोटी गोष्ट चिकटली की तिच्यातल्या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्या गृहस्थांचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. गाडी त्यांना खूप आवडली होती.

म्हणून कागद. इंग्लंडमध्ये बदललेल्या गाडीची जुनी ओळख टिकवायला ऑगस्ट २०२५ पर्यंत आठ गुण लागायचे. त्यांत चेसिस किंवा शेल मूळचं, किंवा त्याच मापाचं नवं आणि न बदललेलं असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गियरबॉक्स, स्टिअरिंग, इंजिन यांचे बाकीचे. आठ भरले नाहीत तर गाडीची पुन्हा तपासणी व्हायची आणि मूळ ओळख पक्की नाही असं सांगणारा ‘क्यू’ नंबर मिळायचा. क्यू नंबर वाईट नाही, तो प्रामाणिक आहे. वाईट हे की नव्या शेलवर जुन्या मेलेल्या गाडीचा नंबर ठोकून ती १९७१ ची म्हणून विकली जाते. विक्रेत्याला सरळ विचारावं: हे शेल कधीचं, कुठलं, आणि नोंदणी पुस्तकात तेच लिहिलंय का? याचं उत्तर एका वाक्यात यायला हवं.

ऐतिहासिक स्पर्धांसाठी एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचा तांत्रिक पासपोर्ट मिळतो, तो असला की पुष्कळ जण निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच की गाडी त्या काळच्या नियमांप्रमाणे बांधलेली आहे. ती त्या काळात धावली, किंवा ती तीच गाडी आहे, याचा तो दाखला नाही. नव्यानं पण अचूक बांधलेल्या गाडीच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे, कारण ती स्पर्धेत उतरू शकते. पण त्याच कारणामुळे तो पासपोर्ट इतिहासाचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. आणि पी-२५ किंवा ईव्हीओ-३७ सारख्या गाड्या, ज्यांत आजचं तंत्र आहे, त्यांचा त्या काळच्या नियमांशी संबंधच उरत नाही. त्या रस्त्यावर आणि ट्रॅकवर चालवायच्या गाड्या आहेत.

किंमत टिकेल का? मोजक्याच गाड्या आहेत म्हणून भाव चढणारच, हा हिशेब मला पटत नाही. पंचवीस गाड्या बांधणारे उद्या आणखी पंचवीस वेगळ्या नावानं बांधू शकतात, आणि दुसरा कोणी त्याच जुन्या गाडीवर हात मारू शकतो. डेल्टा इंटेग्रालेचंच घ्या. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं उत्पादकांचं विजेतेपद लॅन्शियाकडे होतं आणि त्यातली मुख्य गाडी डेल्टाच. ऑटोमोबिली आमोसनं २०१८ मध्ये तिच्यावरून दोन दारांची फ्युचुरिस्ता काढली, २० गाड्या, किंमत तीन लाख युरोंच्या घरात. पुढे तिच्यासारख्या आणखी कोणी काढल्या तर विसाच्या आकड्याला काय अर्थ? लॅन्शियाच्याच स्ट्रॅटोसचं तसंच. मूळ पाचशेच्या आत, १९७४, ७५, ७६ ची जगज्जेती. फेरारी एफ-४३० च्या अंगावर बांधलेल्या नव्या स्ट्रॅटोसच्या २५ गाड्या जाहीर झाल्या. त्या मला देखण्या वाटतात, पण जुन्या स्ट्रॅटोसशी त्यांचं नातं चेहऱ्यापुरतं आहे.

माझ्या मते अशा गाडीची किंमत तीन गोष्टींवर उभी राहील: ती कोणी बांधली, तिचे भाग उद्या मिळतील का, आणि मालकानं तिची वही कशी ठेवली. मधली गोष्ट लोक विसरतात. १०,००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन कानाला गोड लागतं, पण असं इंजिन ठरावीक तासांनी उघडून बेअरिंग आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलावेच लागतात. ते काम कोण करणार, किती दिवसांत, आणि ती छोटी कंपनी दहा वर्षांनी बंद पडली तर नकाशे कोणाकडे राहणार? कास्टिंगचे साचे कोणाच्या मालकीचे? हे करारात लिहून घ्यावं. साध्या एस्कॉर्टचं बळ इथंच आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्या. इंग्लंडमध्ये तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टनं जिंकली, त्या साधेपणाच्या जोरावर. भाऊजींना पहिलीच गाडी घ्यायची असेल आणि ती स्वतः चालवायची असेल, तर मी एस्कॉर्टच सांगेन. परवान्याची महागडी नसली तरी चालेल. वेल्समध्ये आणि इतरत्र नव्या शेलवर चांगल्या एस्कॉर्ट बांधणारे लोक आहेत.

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं. जुन्या गाडीवर बांधलेल्या अशा प्रत्येक गाडीपोटी एक जुनी गाडी कापली जाते. गंजून संपलेलं शेल घेतलं तर त्याला नवा जन्म मिळाला म्हणू. पण चांगली, धावती, मूळ रंगातली डेल्टा केवळ दात्री म्हणून कापायची, हे मला मान्य नाही. भाऊजींनी आपल्या गाडीखाली कोणती गाडी गेली, तिचे आधीचे फोटो आहेत का, हेही विचारावं.

भारतात आणायचं म्हणाल तर विचार सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणण्यावर सर्वसाधारणपणे बंदी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नंबर दिला, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, शिवाय चेसिस, शेल आणि इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. १९९० च्या शेलवर २०२० नंतर बांधलेली गाडी नवीही ठरत नाही आणि व्हिंटेजही ठरत नाही. तिनं इंग्लंडमध्येच राहावं, तुम्ही तिकडे जाऊन नेव्हिगेटरच्या सीटवर बसावं.

आता तुमची जिप्सी. इथं मला जास्त बोलायचंय, कारण आपल्या देशाच्या रॅलीत जी गाडी घरोघरची झाली ती ही. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे पाट्या, हलकं अंग, पत्र्यात फार नखरे नाहीत. आधी इंजिन बघा. ९७० सीसीची जुनी असेल तर कार्ब्युरेटर आणि साधारण ४५ अश्वशक्ती. १.३ लिटरची नंतरची. तुमची जुनी असेल तर तिला १.३ चं इंजिन टाकण्याचा मोह सगळे करतात. कारखान्यानं पुढे तेच केलं, त्यामुळे बसतं छान. पण आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग नोंद. रोलकेज, बकेट सीट, उंच सस्पेन्शन लावून सिव्हिल लाइन्समध्ये फिरायचं स्वप्न असेल तर ते आत्ताच सोडून द्या. रॅलीची गाडी ट्रेलरवर न्यायची, एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेच्या स्पर्धेत तपासणी करून उतरवायची.

मी तुमच्या जागी असतो तर दोन टप्पे केले असते. पहिल्या वर्षी काहीही न कापता गाडी निरोगी करायची. पाट्यांचे बुश आणि शॅकल, किंगपिनचे बेअरिंग, ब्रेकच्या सगळ्या नळ्या, रेडिएटर. आपल्या मे महिन्यात कार्ब्युरेटरच्या जिप्सीची पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून गेली तर पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर मधोमध बंद पडते. नळी दूर घ्या, तिला उष्णतारोधक नळकांडं घाला. एवढ्यावर एक पावसाळा काढा. कच्च्या रस्त्यावर गाडीची ओळख होऊ द्या. माझ्या मित्राची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिच्या बांधाचा दीड किलोमीटरचा खासगी रस्ता आम्ही यासाठीच वापरतो. दुसऱ्या वर्षी ठरवा. तोवर गाडीच सांगेल तिला काय हवंय.

आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कोणता भाग कधी बदलला, जुना कुठं ठेवला, कोणी काम केलं. पहिल्या पानावर स्वच्छ लिहा की ही घरगुती वापरातली जिप्सी होती, वडिलांनी इतकी वर्षं चालवली, आणि रॅलीचं काम अमुक सालापासून सुरू झालं. काढलेला एकही मूळ भाग कबाड्याला देऊ नका. पन्नाशी गाठल्यावर तिला पुन्हा मूळ रूपात न्यावंसं वाटलं तर ते भाग सोन्याच्या भावानंही मिळणार नाहीत.

येत्या रविवारी सकाळी आठच्या आत शेडवर या, ऊन चढायच्या आधी लिफ्टवर घेऊ. आरसी बुक आणा, जुनी सर्व्हिसची बिलं असतील तर तीही. वडील येऊ शकत असतील तर त्यांना नक्की आणा, गाडी कुठं कुठं नेली ते त्यांच्याकडून ऐकायचंय. आणि एक करा, येताना गाडी खालून धुऊन आणू नका.